उडत्या रोहितासाठी आधार कोणता?

खटाव तालुक्यातल्या मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात आणि काठावर ट्रायपॉड उभे राहतात. उडत्या पक्ष्यासाठी मात्र ट्रायपॉड हा पहिला पर्याय नव्हे, असं माझं मत आहे. उडते पंख गोठवायला शटर साधारण सेकंदाचा दोनहजारावा भागच उघडं ठेवतात. तेवढ्यात हाताची थरथर फारशी उमटत नाही. फोटो बिघडतो तो बहुधा पक्षी चौकटीतून निसटल्यामुळे. म्हणजे आधारानं इथे कॅमेरा जखडायचा नाही, वजन पेलून त्याला मोकळं वळू द्यायचं.

पहाटेच्या अंधूक उजेडात ट्रायपॉड हवाच, असं कुणी म्हणेल. बसलेल्या पक्ष्यासाठी ते खरं. पण ट्रायपॉड कॅमेरा थांबवतो, पक्षी नाही. तिथे आयएसओ वाढवणंच भाग. हात भरून येतात, हा आक्षेप जास्त वजनदार, अगदी शब्दशः! दोन किलोंच्या आसपासची १५०-६०० मिलिमीटरची झूम हातात पेलते, थकल्यावर मोनोपॉड पुरतो. तीन किलोंची ६०० मिलिमीटर एफ-४ लेन्स असेल, तर ट्रायपॉडवर गिंबल हेड घ्यावं. तोल साधला की लेन्स बोटानंही वळते. बॉल हेड सैल सोडलं की लेन्स नाक खाली घालते. शिवाय जागा पाहावी. नदीकाठी झाडीतून अचानक बगळा निघाला, तर ट्रायपॉडचे पाय पसरेपर्यंत तो पलीकडच्या उसावर पोचलेला असतो.