कोरी वही
(स्नेहमेळाव्यात केलेल्या मनोगताचे शब्दांकन)



दहावीपर्यंत मी वर्गात उभा राहिलो तो फक्त शिक्षा म्हणून. आज संयोजकांनी प्रेमानं उभं केलंय. माझ्या अवघड वर्षाबद्दल बोल म्हणाले. ते वर्ष २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगतो.

आपल्याकडे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा माझ्या दुकानात पाणी जिथवर आलं, तिथं मी भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली होती. पुढची चौदा वर्षं माझा सगळा शहाणपणा त्या रेघेत होता. २०१९ मध्ये पाणी चढायला लागल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, माल वरच्या मजल्यावर नेऊ." मी त्याला गप्प केलं. रेघेच्या वर फूटभर फळ्या टाकल्या, त्यावर पोती रचली आणि सगळ्यांना घेऊन विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

परत आलो तेव्हा शटर वर जाईना, आतून गाळ दाटलेला. किराणा दुकान बुडतं म्हणजे काय होतं, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. साखरेची पोती रिकामी, नुसतं तागाचं कापड उरलेलं. तांदूळ फुगून पोत्यांच्या शिवणी उसवलेल्या. हरभऱ्याला मोड येऊन ते कुजलेले. तेलाचे डबे तरंगून उलटे झालेले, त्यामुळे गाळावर पाय ठरत नव्हता. आणि तो वास! अजूनही एखादं ओलं पोतं उघडलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तरी एक सांगतो. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना नाव उलटली. आमच्या घरातलं माणूस गेलं नाही. माझं नुकसान सांगताना हे आधी सांगितलं पाहिजे.

वर्गाच्या ग्रुपवर सगळे विचारत होते. मी लिहिलं, "सगळं ठीक आहे, काळजी नसावी." साफ खोटं. पण आयुष्यभर मी गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. देणारा मी, घेणारे समोरचे. मागायचं कसं, हे मला येतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्यातले चौघं दारात उभे. पायांत गमबूट, हातात फावडी. दोघं पुण्याहून रात्रीच निघाले होते. त्यांतला एक मोठा साहेब आहे, नाव घेतलं तर चिडेल. तो कुजलेल्या गव्हात गुडघाभर उभा राहून घमेली भरत होता. मी "अरे राहू दे, मी बघतो" म्हणत होतो. शेवटी तो म्हणाला, "दहावीत माझ्या डब्यातलं न विचारता खात होतास, तेव्हा नाही लाजलास?" मग मी गप्प बसलो आणि घमेलं उचललं. तीन ट्रॉल्या घाण निघाली.

विम्याचं विचारू नका. मालाच्या पावत्याही पाण्यातच गेल्या होत्या, त्यामुळे मिळालं ते थोडं.

खरा घाव वेगळाच होता. साखर वर चढवायच्या गडबडीत उधारीची वही गल्ल्याच्या खणात राहिली. उघडली तर पानांचा लगदा, शाई सगळी निळी पसरलेली. माझ्या अंदाजानं दीड लाखाच्या आसपास येणं होतं, आणि कुणाकडे किती याचा कागद नाही.

दिवाळीत दुकान पुन्हा उघडलं. लक्ष्मीपूजनाला कोऱ्या वहीची पूजा केली. दुसऱ्याच दिवशी गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. पुरात त्यांचं घरच पडलं होतं. म्हणाल्या, "माझं सातशे चाळीस होतं बघा. आता न्हाईत, पण मांडून ठेवा." माझ्या आठवणीत ते पाचशेच्या आत होतं. आणि याच मावशींना मी आषाढात चार गिऱ्हाइकांदेखत बोललो होतो, "आधी मागचं द्या, मग साखर." त्यांनी ते काढलं नाही. मी मात्र सातशे चाळीस लिहिताना मान वर केली नाही.

त्यानंतर हळूहळू लोक येत गेले. सगळे आले नाहीत. मोटारीतून येणारे दोन-तीन जण अजून समोरच्या दुकानात जातात. पण निम्म्याहून जास्त उधारी लोकांनी आपणहून सांगितली. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि हाताला काम नसलेली माणसं दारात उभी राहू लागली, तेव्हा मी आधी मागचं विचारलं नाही. माझ्यात फार मोठा बदल झाला असं समजू नका. रात्री हिशेब करताना जीव कासावीस व्हायचाच. काही पैसे बुडालेही.

पण त्या टाळेबंदीत रिकाम्या दुपारी वही चाळताना एक नोंद आठवली, जी माझ्या कुठल्याच वहीत नव्हती. दहावीच्या परीक्षेची फी भरायच्या वेळी वडील आजारी होते. गणिताच्या सरांनी ती भरली आणि म्हणाले, "कमवायला लागलास की दे." रक्कम सांगितली तर आजची मुलं हसतील. मी कमवायला लागलो. सर पुढं कित्येक वर्षं माझ्याच दुकानातून रोखीनं सामान नेत होते, वर सुट्टे पैसे मोजून देत होते. त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि मी विसरलो.

निर्बंध उठल्यावर पाकीट घेऊन सरांच्या घरी गेलो. बोलताना माझा आवाज नीट निघत नव्हता. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "व्याज सरळ धरलंस की चक्रवाढ?"

मी म्हटलं, "सर, काढून आणतो."

ते उदाहरण अजून सुटलेलं नाही. सर पहिल्या रांगेत बसलेत आणि मघापासून माझ्याकडे बघतायत. त्यांनी वही मागायच्या आत मी खाली बसतो.