साक्ष कोण देणार?

(नगर जिल्ह्यातल्या युवक शिबिरात केलेले भाषण)



मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून मला बोलावलंत, पण आज कविता म्हणणार नाही. आज साक्षीदारावर बोलायचंय.

हिटलरनं ६० लाख ज्यू मारले हे आपण ऐकलेलं असतं. पण एकटा हिटलर एवढी माणसं कशी मारील? याद्या करणारा कारकून होता, आगगाडी हाकणारा ड्रायव्हर होता, आणि पडद्याआडून बघणारा शेजारी होता. शेजाऱ्यानं कुणाला हात लावला नाही. त्यानं फक्त खिडकी लावून घेतली. ते युद्ध चालू असतानाच बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की नाझींचा ज्यूद्वेष आणि आपल्याकडच्या सनातन्यांची अस्पृश्यता यांत मुळात फरक नाही. म्हणून तिकडची गोष्ट ही आपलीच गोष्ट आहे.

अ‍ॅमस्टरडॅम हे बंदराचं शहर. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला जर्मनांनी ज्यू मोहल्ल्यात धाड घालून ४०० हून जास्त तरुण उचलले. भर चौकात बसवून मारलं आणि छावणीत धाडलं. २४ तारखेला संध्याकाळी बाजारात उघड्यावर सभा भरली. बोलावली कुणी? प्रोफेसरानं? पाद्र्यानं? नाही. विलेम क्रान, रस्त्यात दगड बसवणारा. पिट नाक, नगरपालिकेचा सफाई कामगार. दोघंही ज्यू नव्हते. दोघंही बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे. २५ ला सकाळी ट्राम निघाल्या नाहीत, आणि शहराला कळलं. गोदी बंद, कारखाने बंद, कचेरीतले बाबू रस्त्यावर. दोन दिवस चाललं. मग बंदुका आल्या. नऊ माणसं मेली. क्रानला १९४२ साली गोळ्या घातल्या.

ही माणसं संत होती काय? मुळीच नाही. त्याच महिन्यात जहाज-कारखान्यातल्या कामगारांना जबरदस्तीनं जर्मनीला धाडायचा घाट चालला होता. त्यांच्या पोटात तोही राग होता. स्वतःच्या भाकरीचा राग आणि शेजाऱ्याच्या पोराचा राग त्यांनी एका मुठीत धरला, एवढंच. जिंकले काय? तेही नाही. हॉलंडमधल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. हे लपवायचं नाही. पण १९५२ पासून त्या मोहल्ल्यातल्या चौकात एक पुतळा उभा आहे. राजाचा नाही, सेनापतीचा नाही. गोदी कामगाराचा. हात रिकामे, छाती पुढं.

आपल्याला नेहमी सांगतात: थांबा, आधी मनं बदलू द्या. सालं, हे मन बदलतं तरी कधी? पोलंडात झोफिया कोसाक नावाची लेखिका होती. कट्टर कॅथलिक, ज्यूंना शत्रू मानणारी. वॉर्सातून रोज हजारो ज्यू मरणाच्या गाडीत कोंबत होते, तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये तिनंच चोरून पत्रक काढलं. गप्प बसणारा खुनात भागीदार, असा त्याचा सूर. आणि त्याच पत्रकात ज्यू आमचे शत्रूच, हेही होतं! पुढं ज्यूंना लपवणारी गुप्त समिती उभारण्यात तिचा हात होता. तिला ऑशविट्झ छावणीही भोगावी लागली. मन साफ झालं नव्हतं, पाऊल आधी पडलं. म्हणजे मन बदलायची वाट बघा म्हणणारा खोटं बोलतो.

आणि आपल्याकडे? २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिणाऱ्या आपल्या माणसांवर काठ्या पडल्या, तेव्हा महाडच्या मुसलमानांनी घरं उघडली. डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखानांनी आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळायचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. जन्मानं ब्राह्मण. दार उघडणारा असतो, दोस्तांनो. थोडा असतो, पण असतो.

आता आपल्या जिल्ह्यात या. खर्डा, तालुका जामखेड, २८ एप्रिल २०१४. आपला १७ वर्षांचा पोरगा मारला गेला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढ्यावरून मारला असा खटला उभा राहिला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. दोषी कोण हा कोर्टाचा प्रश्न. माझा प्रश्न साक्षीदाराचा. पिंजऱ्यात उभा राहून 'मी काही पाहिलं नाही' म्हणणारा माणूस राक्षस नसतो. त्याला त्याच गावात राहायचं असतं. त्याच दुकानातून मीठ आणायचं असतं, त्याच विहिरीवर मोटार लावायची असते. तो द्वेषानं कमी फुटतो, एकटेपणानं जास्त फुटतो. अ‍ॅमस्टरडॅमचा ट्रामवाला एकटा असता तर तोही ट्राम घेऊन निघाला असता.

म्हणून साक्षीदाराला शिव्या घालून भागत नाही, त्याच्यामागं माणसं उभी करावी लागतात. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १५अ लागू आहे. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडली तर दुसरीकडे वसवणं, हे सगळं त्यात आहे. किती पोरांनी ते वाचलंय? तारखेच्या दिवशी साक्षीदारासोबत एस.टी.त बसायला किती जण जातात? मोर्चाला हजार, आणि कोर्टात साक्षीदार एकटा!

आणि एक कडू गोष्ट. याच जिल्ह्यात पारध्याच्या पालावर रात्री धाड पडते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का सरकारनं १९५२ साली पुसला, पण गावाच्या डोक्यातून पुसला नाही. आपल्या वस्तीच्या डोक्यातून तरी पुसलाय काय? पाल जळताना आपल्या खिडक्या उघड्या असतात की बंद? आपल्या दुःखाला जगानं साक्ष द्यावी म्हणता, मग दुसऱ्याच्या दुःखाला साक्ष देणं ही आपली पहिली परीक्षा आहे.

कोर्टाचा शिपाई नाव पुकारील तेव्हा पारध्यासाठी, मेहतरासाठी, मांगासाठी, कुणासाठीही 'हजर' म्हणणारा पोरगा या शिबिरातून निघाला पाहिजे. आणि त्याच्यामागं उभे राहणारे पन्नास.

जयभीम.