ओटा मोकळा, जीव निर्धास्त

आमच्या ओट्यावर मिक्सर कायम मांडलेला असायचा. एकदा भांडी घासता घासता ओल्या हातानं त्याची वायर बाजूला करायला गेले आणि असा झटका बसला, की हातातलं पातेलंच सुटलं. वायर एका जागी सोललेली होती. ती बदलून घेतली आणि मिक्सरची जागाही बदलली.

मोरी आणि शेगडी दोन्हींपासून लांब, ओट्याखालचा एक कप्पा रिकामा केला. पुढे जुन्या साडीचा पडदा लावला. खर्च काहीच नाही. काम झालं, की बटण बंद, पिन काढायची, मिक्सर कोरडा पुसायचा, मगच आत. विजेची शेगडी असेल, तर आधी पूर्ण गार होऊ द्या.

पण सिलिंडर मात्र बंद कपाटात कोंडू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. दार लावायचंच असेल, तर त्याला खाली आणि वर जाळी हवी. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा. रेग्युलेटरपर्यंत हात चटकन पोचला पाहिजे.

आज रात्री ओटा पुसताना बघा बरं, रोज न लागणारं काय काय वर बसलंय?