नौसैनिकाचे दुसरे आयुष्य : इंजिनखोली ते वस्ती

भारतीय नौदलाचा इतिहास जहाजे, मोहिमा आणि सेनानी यांच्या अंगाने बराच लिहिला गेला आहे; परंतु उमेदीची वर्षे इंजिनखोलीत घालवून चाळिशीच्या आसपास घरी परतलेला, आणि पुढे आयुष्यभर वस्तीतल्या नळांचा, मोटरींचा व पंख्यांचा हक्काचा माणूस झालेला नौसैनिक त्या इतिहासात क्वचितच भेटतो. मुंबईच्या चाळींत आणि कोकणातल्या वाड्यांत ‘नेव्हीवाले काका’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाचे स्मरण करायचे, तर त्याची दोन्ही आयुष्ये एकत्रच पाहावी लागतात.

नौदलात ‘आर्टिफिसर’ म्हणजे यंत्रे व विद्युतप्रणाली यांची दुरुस्ती जाणणारा, दीर्घ प्रशिक्षण घेतलेला कारागीर-सैनिक, आणि ‘स्टोकर’ म्हणजे मुळात बॉयलरची आग सांभाळणारा व पुढे इंजिनखोलीतील सर्व प्रकारची कामे करू लागलेला खलाशी. यांत्रिक शाखेचे शिक्षण 1945 साली लोणावळ्यात सुरू झालेल्या ‘शिवाजी’ या तळावर, तर विजेचे जामनगरच्या ‘वलसुरा’ येथे दिले जाई. बंदर सुटल्यावर सुटा भाग आणायला दुकान नसते, म्हणून हाताशी असलेल्या सामानातून काम निभावणे हा या शिक्षणाचा गाभा होता. ‘डॅमेज कंट्रोल’, म्हणजे जहाजाला भगदाड पडल्यास लाकडी पाचरी ठोकून आणि टेकू लावून पाणी रोखण्याची विद्या, ही तर शाखा कोणतीही असली तरी प्रत्येक खलाशाला आत्मसात करावी लागे.

या विद्येची कसोटी 1971 च्या भारत-पाकिस्तान युद्धात ‘विक्रांत’वर लागली. 1961 साली बेलफास्ट येथे नौदलात दाखल झालेल्या या विमानवाहू जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता. वाफ कमी म्हणजे वेग कमी. आणि डेकवरून विमान उडण्यासाठी जहाजाच्या वेगाने मिळणारा समोरचा वारा जसा लागतो, तशीच विमानाला पुढे फेकणाऱ्या ‘कॅटापुल्ट’ या यंत्रणेलाही वाफच लागते, त्यामुळे जहाज युद्धात उतरवावे की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. अखेर उरलेल्या तीन बॉयलरांच्या भरवशावर ते बंगालच्या उपसागरात गेले आणि 4 डिसेंबरला त्याच्या विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. वैमानिकांच्या शौर्याची नोंद यथायोग्य झाली. पण डेकखालच्या असह्य उष्म्यात दाबमापकावर नजर ठेवून वाफ टिकवणाऱ्यांच्या वाट्याला तितके शब्द आले नाहीत, ही उणीव मनाला लागते.

यंत्र कुठवर ताण सोसेल हे ओळखून ते चालते ठेवण्याची ही दृष्टी निवृत्तीनंतर इमारतीच्या पंपघरात उतरली. मोटर फिरते पण पाणी उचलत नाही, अशी तक्रार आली की नवी मोटर सुचवण्याआधी हा निवृत्त नौसैनिक फूट व्हॉल्व्ह, म्हणजे खालच्या टाकीतील नळीच्या तोंडाशी बसवलेली एकमार्गी झडप, उघडून पाही. आटे गेलेल्या जोडाला सूत आणि सफेदा लावी. वायसर झिजण्यापूर्वीच बदली. बिघाड होण्याआधी ठरलेल्या दिवशी यंत्र उघडण्याची ही शिस्त जहाजावरची होती. सुट्या भागांसाठी तो मुंबईतील नागदेवी स्ट्रीट, लोहार चाळ किंवा जुन्या जहाजांचे भंगार निघणारा दारूखाना पालथा घाली आणि शेजाऱ्यांकडून बहुधा सामानाचेच पैसे घेई. या औदार्याला 15 वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा आधार होता, हे सांगितलेच पाहिजे. एरवी हातावर पोट असलेल्या प्लंबरशी त्याची तुलना करणे अन्यायाचे ठरेल.

अशा माणसाच्या शोकसभेत हुद्दा, जहाजांची नावे आणि पदके सांगितली जातात, दुरुस्त्यांचा उल्लेख मात्र ‘परोपकारी स्वभाव’ या दोन शब्दांत आटोपतो. वास्तविक कोणता व्हॉल्व्ह कोणत्या मजल्याचे पाणी तोडतो, जुन्या वायरिंगचा कोणता फाटा बंद केला आहे, पंपाचा आवाज बदलला तर आधी काय तपासायचे, हे सारे त्याच्याच डोक्यात असते. स्मरणिका काढणाऱ्यांनी छायाचित्रांइतकीच जागा या माहितीला द्यावी. तो हयात असतानाच कोणी तरुणाने त्याच्याबरोबर पंपघरात उतरून ती लिहून घेतली, तर अधिकच उत्तम.