२४० दिवसांचे कुंपण



१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणच्या माळरानांवर कारखाने उभे राहिले. लातूर, बीड, सोलापूरकडचे तरुण आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन आजही या पट्ट्यात येतात. त्यांना काम मिळते. नोकरी मात्र मिळत नाही.

एकाच असेंब्ली लाइनवर दोन कामगार शेजारी उभे असतात. हत्यार एक, काम एक, घाम एक. परंतु एक कायम, तर दुसऱ्याच्या हाती सात महिन्यांचे पत्र. सातच महिने का? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्याची सेवा सलग मानली. त्याला नोटीस आणि भरपाईवाचून काढता येत नसे. हे कुंपण कामगाराच्या रक्षणासाठी घातले होते. अनेक व्यवस्थापनांनी त्याच कुंपणाने त्याला बाहेर ठेवले. २४० दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ देण्याची रूढीच पडली.

कायमपणाचे हक्क नाकारण्यासाठी कामगाराला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा होय, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ठरविले. औद्योगिक संबंध संहितेतही तेच म्हटले आहे. पण दाद मागितली तर पुन्हा बोलावणे येणार नाही, या भयाने तरुण गप्प राहतो.

ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मुदतीच्या कामगाराला समान कामासाठी कायम कामगाराइतके वेतन आणि एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, या नव्या तरतुदी स्वागतार्हच आहेत. मात्र ज्याला वर्ष भरण्याआधीच घरी पाठविले जाते, त्याला ग्रॅच्युइटी कुठली?

मागणी कमी-जास्त होते, स्पर्धा तीव्र आहे, ही उद्योजकाची अडचण खरी आहे. हंगामी कामाला हंगामी माणूस घेणे समजण्यासारखे आहे. काम बारमाही आणि माणूस तेवढा सातमाही, हा मात्र अन्याय आहे. त्याची झळ कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. बँक कर्ज देताना कचरते. सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न येतो, ‘मुलगा कायम आहे का?’ तिशी उलटते आणि घर उभे राहत नाही. कुटुंब हा समाजाचा पाया मानणाऱ्यांनी हा प्रश्न केवळ युनियनचा समजू नये.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. वर्गसंघर्ष नाकारून त्यांनी औद्योगिक कुटुंबाची कल्पना मांडली. कुटुंबात कोणी सात महिन्यांपुरता भाऊ नसतो. आपल्यापैकी कित्येकजण कारखान्यांत अधिकारी आहेत, काही स्वतः उद्योजक आहेत. बारमाही कामावर किती तात्पुरते हात राबतात, याची यादी त्यांनी आधी आपल्याच कारखान्यात करावी आणि त्या हातांना कायम होण्याची निश्चित पायरी आखून द्यावी.

खंडेनवमीला आपण यंत्राला हार घालतो. ते यंत्र पुढच्या खंडेनवमीलाही तिथेच असते. ते चालविणाराही तिथे असला, तरच ती पूजा पूर्ण झाली असे म्हणता येईल.