नाल्याकाठचं बेशरम

सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) गावी सकाळची गाडी पकडायला निघालेल्या माणसाला नाल्याच्या काठी गुलाबी-जांभळ्या फुलांची दाटी दिसते. नाव विचारलं तर लहान पोरही सांगेल: बेशरम. वर्धा-नागपूर मार्गावर हे झाड ओळखत नाही असा माणूस विरळा.

नाव पडलं ते त्याच्या चिवटपणामुळे. छाटलं तरी फुटतं. तोडून फेकलेला फोक चिखलात पडला की तिथंच मूळ धरतो. पाण्यात पाय बुडवून जगतं, आणि मे महिन्यात धुऱ्यावरचं गवत करपलं तरी हे हिरवंच. मास्तरांच्या हातातला बेशरमाचा फोक विदर्भातल्या कितीतरी माणसांना अजून आठवतो. रस्त्यावरच्या खड्ड्यात बेशरमाचं झाड लावून इथं आंदोलनंही होतात. पण या नावानं एक नुकसान केलं. फुलाकडे नीट बघायचं राहूनच गेलं.

ते जवळून बघण्यासारखं आहे. कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते. सकाळी पीळ सुटतो आणि बोटभर लांबीचा नरसाळ्यासारखा पेला उघडतो. पाकळ्या पाच, पण एकमेकींना पूर्ण जुळलेल्या. आत घशाशी रंग गडद होतो. तिथं पाच पुंकेसर असतात, कुणी आखूड, कुणी लांब. मोठा काळा भुंगा आत शिरतो तेव्हा पराग त्याच्या अंगाला लागतात. दुपारी ऊन चढलं की फूल मलूल. दुसऱ्या दिवशी नवी कळी उघडते.

पान हृदयाच्या आकाराचं, टोकाला निमुळतं. पान जिथं देठाला जुळतं तिथं खालच्या बाजूनं पाहिलं, तर दोन बारीक ग्रंथी दिसतात. त्यांतून गोड रस पाझरतो, म्हणून देठावर मुंग्यांची ये-जा असते. खोड मोडलं की पांढरा चीक येतो, आणि आत ते पोकळ निघतं. फळात साधारण चार बिया असतात, तपकिरी रेशमी केसांनी झाकलेल्या.

शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. जॅकिन या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते १७६० साली दिलं. ‘कार्निया’ म्हणजे मांसाच्या रंगाचं. आपल्याकडच्या पोकळ खोडाच्या उपप्रकाराला ‘फिस्टुलोसा’ म्हणतात. मूळ घर उष्णकटिबंधीय अमेरिका. आपल्याकडे ते शोभेसाठी आणि कुंपणासाठी लावलं गेलं. उपासाचं रताळं, नाळीची भाजी आणि अंगणातली गणेशवेल ही सगळी याच कुळातली, याच प्रजातीतली भावंडं. बाकीच्या वेली सरपटतात किंवा आधार शोधतात. हे मात्र झुडूप होऊन पुरुषभर उंच उभं राहतं.

भावंडं खाण्याची असली, तरी बेशरम विषारी आहे. ढोरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणूनच ते कुंपणाला चालतं. पण चारा संपला की शेळ्या पानं ओरबाडतात आणि मग त्यांना त्याची चटक लागते. यातलं स्वेन्सोनीन नावाचं विष पेशींच्या कामात अडथळा आणतं. शेळी वाळत जाते, थरथरते, चालताना झोकांड्या खाते, शेवटी उठत नाही. नवल असं की हे विष झाड स्वतः बनवत नाही. त्याच्यासोबत राहणारी एक बुरशी ते बनवते, आणि ती बियांबरोबर पुढच्या पिढीत जाते.

नाला बुजवणारं, पाणी अडवणारं हे झाड काढायलाच हवं. मात्र नुसतं छाटून भागत नाही. ते मुळासकट उपटावं, फोक पाण्यात किंवा काठावर टाकू नयेत, दूर कोरड्या जागी पसरून पूर्ण वाळवावेत. आणि उन्हाळ्यात हिरवा पाला दिसला म्हणून शेळ्या तिकडं सोडू नयेत.