संयोगचिन्हाचे मोल



जुन्या मोडी दप्तरांत शब्द सलग लिहीत. विरामचिन्हे बहुधा नसत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठी शालेय पुस्तकांत रूढ केली. आज ‘आई-वडील’, ‘जळगाव-धुळे’ यांतील आडवी रेघ, म्हणजे संयोगचिन्ह, मुलांच्या परिचयाचे आहे. इंग्रजीत मात्र त्याची जागा चुकल्यास अर्थच पालटतो.

‘ट्वेंटी फाइव्ह-रुपी कॉइन्स’ म्हणजे पाच रुपयांची वीस नाणी. एकूण १०० रुपये. तीच रेघ एक शब्द अलीकडे घेऊन ‘ट्वेंटी-फाइव्ह रुपी कॉइन्स’ लिहिले, की एका रुपयाची २५ नाणी उरतात. केळी विकणाऱ्याचे ७५ रुपये त्या रेघेपायी बुडावयाचे!

मराठीत ‘पंचवीस’ हा एकच शब्द असल्याने मुलांना ही रेघ अनावश्यक वाटते. म्हणून दोन नियम ध्यानी आणून द्यावेत. दशक वगळता २१ ते ९९ या संख्या अक्षरांत लिहिताना रेघ द्यावी. तसेच नामापूर्वी दोन शब्द मिळून एकच विशेषण होत असेल, तेथेही द्यावी.

प्रथम दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहून नाणी मोजून दाखवावीत. नियम मागाहून सांगावेत. मग रेघ कोठे हवी, हे मुले आपण होऊन सांगतील.